अधिक सात

"तुम्ही नक्की कोणाचे पालक?" इनामदार मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"दोघींचा," आप्पा म्हणाले.

"दोघी बहिणी आहेत?"

"नाही. ही चित्रा, माझी मुलगी. ही हर्षदा कोळेकर, माझी विद्यार्थिनी. हिचे वडील टेम्पो घेऊन हैदराबादच्या खेपेला गेलेत. आईला बेदाण्याच्या शेडवरून सुट्टी मिळाली नाही. म्हणून आज मीच दोघींचा."

मॅडमच्या शेजारी बसलेले ट्रस्टचे सचिव पाटणकर हसले. "दोन्ही डगरींवर हात ठेवून आलात की सुतार सर! जागा एकच आहे."

आप्पाही हसले. त्यांना काळजी नव्हती. निकाल त्यांना ठाऊक होता, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. हर्षदानं टेबलाखालून माझ्या चपलेवर चप्पल ठेवली आणि दाबली. घाबरली की ती असंच करायची.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सांगलीत, एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कौलगेकर ट्रस्टचं ऑफिस होतं. दहावी झालेला आमच्या तालुक्यातला एक विद्यार्थी हा ट्रस्ट दर वर्षी निवडायचा आणि त्याला पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात अकरावी-बारावी सायन्सला पाठवायचा. फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, सगळं ट्रस्टचं. आमच्याकडे कौलगेकर मिळालं म्हणजे पोर मार्गाला लागलं असं म्हणायचे. नाही मिळालं तर तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज होतंच, जिथं फिजिक्सचे सर दिवाळीनंतर येतील असं तीन वर्षं सांगत होते.

हर्षदाच्या गुणपत्रिकेवर बेरजेच्या ओळीत छापलं होतं चारशे शहात्तर अधिक सात. म्हणजे पाचशेपैकी चारशे त्र्याऐंशी. माझे नुसतेच चारशे एक्क्याऐंशी होते. अधिक काहीही नाही.

ते सात गुण चित्रकलेचे. सरकारच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढवून मिळत. आणि मी ती परीक्षा नापास झाले होते. ड्रॉइंग मास्तरची मुलगी, नाव चित्रा, आणि ड्रॉइंगला नापास! आई म्हणायची, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." मी काढलेला तांब्या नेहमी कुणीतरी पाय दिल्यासारखा दिसायचा. आप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "सावली चांगली आलीय."

आप्पांचा विषय शाळेत पोरकाच होता. गणिताचा भाग राहिला, घ्या सुतार सरांचा तास. स्नेहसंमेलनाची तालीम, घ्या सुतार सरांचा तास. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मग हे वाढीव गुण सुरू झाले आणि ज्या पालकांनी आप्पांना कधी नमस्कार केला नव्हता ते घरी यायला लागले. आप्पांनी दर रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात फुकट वर्ग काढला. "मार्कांसाठी या, काही हरकत नाही," ते पोरांना सांगायचे. "एकदा हात बसला की मार्क विसराल."

पोरं मार्कांसाठीच यायची. ग्रेड मिळाली की रंगाची पेटी धाकट्या भावाला देऊन मोकळी व्हायची. हर्षदा मात्र परीक्षा झाल्यावरही येत राहिली. कोपऱ्यात बसून ती काय काय काढायची: शाळेचा जिना, पाण्याची टाकी, पत्र्याचं छप्पर आतून कसं दिसतं ते. आप्पा तिच्या मागे उभे राहायचे तेव्हा काही बोलायचे नाहीत, आणि माझ्या मागे उभे राहिले की भरपूर बोलायचे. यातला फरक मला लवकर कळला.

तिला रविवारी सोडायला तिची आई तयार नव्हती. रविवारी शेडवर बेदाणा निवडायला हर्षदा गेली की तेवढाच हात लागायचा. आप्पा स्वतः त्यांच्या घरी गेले होते, मला सोबत घेऊन. "लताताई," ते म्हणाले, "हिला अ श्रेणी येणार. त्याचे सात मार्क. हे सात मार्क तुमच्या पोरीला कुठल्या कुठं नेतील बघा." लताकाकूंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "तुमी म्हंताय तर धाडते, सर." दोन वर्षं रविवारी त्या शेडवर एकट्याच गेल्या.

आणि निकालानंतर, सांगलीला जायच्या आदल्या संध्याकाळी, आप्पांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "हर्षदाचंच होणार. तालुक्यात हिच्यावर कुणी नाही." ते घरी आल्यावर आई त्यांच्यावर उखडली होती. "दुसऱ्याच्या पोरीला सात मार्क मिळवून दिलेत, स्वतःच्या पोरीला दोन मिळवून देता आले नाहीत तुम्हाला!" आप्पा म्हणाले, "मार्क मी देत नाही गं." मी आतल्या खोलीत होते. मला आईचं बोलणं पटलं होतं.

तर त्या ऑफिसात मॅडमनी आधी हर्षदाला विचारलं, "पुढं काय व्हायचंय?"

"आर्किटेक्ट."

"का बरं?"

हर्षदा प्रमाण भाषेत बोलायची तयारी करून आली होती, पण पहिल्याच वाक्यानंतर ती गळाली. "आमची आई शेडात काम करती, मॅडम. तिथं बेदाण्याला गंधकाची धुरी देत्यात. ती कोंडती आत. बायकांना खोकला हाय सगळ्या. मालक म्हंतोय बांधकाम तसंच असतंय. पण तसंच नसतंय. पाठीमागच्या भिंतीला वर जाळी सोडली आणि पुढनं खालनं वाट ठिवली, तर वारा वडून नेतोय. मी काढून दाखवलंय."

तिनं पिशवीतून कागद काढला. पाटणकरांनी तो दोनदा फिरवून बघितला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

मग मला विचारलं. मी म्हणाले, "इंजिनिअर."

"कशातली?"

"ते बारावीनंतर ठरवणार."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. मला बरोबर असण्याची लाज वाटली.

आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आप्पांनी मांडीवर हात ठेवून डोळे मिटले होते. हर्षदा माझ्या कानाशी लागली, "चित्रे, माझं झालं तर तू बोलशील न्हवं माझ्याशी?"

"न बोलायला काय झालं?"

"न्हाई, तुझं तोंड बघ की कसं झालंय."

"माझं तोंड असंच आहे."

ती हसली. मी पण हसले, आणि मनातल्या मनात तिच्या त्या सात गुणांना शिव्या घातल्या. ती माझी जिवाची मैत्रीण होती आणि मला पुण्याला जायचं होतं. दोन्ही खरं होतं.

शिपायानं आम्हाला आत बोलावलं. मॅडम मऊ आवाजात बोलल्या. वाईट बातमी सांगायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा आवाज.

"सुतार सर, दोन्ही मुली हुशार आहेत. हर्षदाचं तर मला फार कौतुक वाटलं. पण यंदाची निवड चित्राची झाली आहे."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एक क्षण मला खोलीत दुसरं कुणी दिसलंच नाही.

"मॅडम, काहीतरी चुकलंय," आप्पा म्हणाले. "हर्षदाचे चारशे त्र्याऐंशी आहेत. चित्राचे चारशे एक्क्याऐंशी."

"ती बोर्डाची बेरीज झाली. आम्ही यंदापासून वाढीव गुण धरत नाही. चित्रकलेचे, खेळाचे, लोककलेचे, कुठलेच नाही. सगळे वजा करतो आणि मूळ विषयांचे बघतो. त्यात चित्रा पहिली येते."

"पण ते गुण बोर्डानं दिलेत. अकरावीच्या प्रवेशाला चालतात."

"प्रवेशाला चालतात, नाही कोण म्हणतंय? कॉलेज त्याच्या रीतीनं मोजतं. शिष्यवृत्ती आमची आहे, आम्ही आमच्या रीतीनं मोजतो. एप्रिलच्या बैठकीत तसं ठरलं."

"आम्हाला कळवलं नाही कुणी."

"कळवलं असतं तरी काय झालं असतं, सर?" पाटणकर म्हणाले. "पोरीनं काढलेली चित्रं परत पुसली असती का?"

आप्पा हसले नाहीत. ते खुर्चीच्या कडेवर आले. माझे आप्पा कधी कुणाशी वाद घालत नसत. पगार उशिरा आला तरी नाही, तास काढून घेतला तरी नाही. घरात आईपुढे तर नाहीच नाही. त्या दिवशी मात्र ते बोलायला लागले.

"मॅडम, ही पोरगी दोन वर्षं रविवारी आईला एकटीला शेडवर सोडून माझ्याकडे आली. गणिताचे गुण गणित करून मिळतात, हे चित्र काढून मिळाले. यात वाढीव काय आहे? आत्ता तुम्ही तो कागद हातात घेऊन बघितलात. ते सगळं त्या सातातच आहे."

"मला ते कळतं, सर. पण माझंही ऐका. डोंगराकडच्या सात-आठ शाळांत चित्रकलेचा शिक्षकच नाही. तिथल्या पोरांनी हे गुण कुठून आणायचे? चारशे एकोणऐंशी मिळालेला एक मुलगा आहे यंदा. अगदी वरच्या वाडीचा. त्याला रंगाची पेटी बघायला मिळाली नसेल. तुमच्या गावात सुतार सर आहेत म्हणून हर्षदाला सात गुण. त्याच्या गावात कोणी नाही म्हणून त्याला शून्य. हा न्याय आहे का?"

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. त्यांची बाजू लंगडी असती तर आप्पांना बरं वाटलं असतं. ती चांगली धडधाकट होती.

"मग त्या शाळांना शिक्षक द्या की, मॅडम," ते म्हणाले. "माझ्या पोरीचे गुण कशाला काढता?"

"तुमची पोरगी तर निवडली गेलीय," पाटणकर म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

"शिक्षक देणं माझ्या हातात नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "मी बत्तीस वर्षं शाळेत काढली. दर वर्षी मागणी पाठवली. एक माणूस मिळाला नाही. गुण वजा करणं तेवढं माझ्या हातात आहे, म्हणून ते करते."

पाटणकरांना राहवलं नाही. "आणि सर, आता विषय निघालाच आहे तर सांगतो. हा ठराव तुमच्यामुळंच करावा लागला. गेली तीन वर्षं शिष्यवृत्ती तुमच्याच शाळेला गेली. तिन्ही पोरांच्या बेरजेपुढं अधिक सात. बाकीच्या शाळांनी आमच्याकडे तक्रारी केल्या. तुमचा रविवारचा वर्ग फारच चांगला चालला, दुसरं काय? राग मानू नका, हे कौतुकच आहे."

आप्पांचा चेहरा मी तेव्हा बघितला. नसता बघितला तर बरं झालं असतं. गेल्या तीन वर्षांतली ती तिन्ही पोरं मार्कांसाठी आलेली होती. ग्रेड मिळाल्यावर एकानंही परत ब्रश धरला नव्हता. त्यांना शिकवून शिकवून आप्पांनी हर्षदाच्या वाटेत भिंत बांधली होती, आणि ती त्यांना आज दिसत होती.

तरीही ते थांबले नाहीत. थांबले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "एक सांगतो, मॅडम. चित्राला मी कमी शिकवलं नाही. एकाच व्हरांड्यात, एकाच सतरंजीवर या दोघी बसल्या. चित्राला जमलं नाही, हिला जमलं. चित्राकडं शिक्षक नव्हता असं तरी तुम्ही म्हणू शकत नाही. तिच्याकडं चोवीस तास होता. निदान या दोघींपुरतं तरी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. माझा बाप परक्या माणसांसमोर सांगत होता की माझ्यापेक्षा हर्षदा चांगली आहे, तिला घ्या, हिला नको. आणि त्याचं खरं होतं. त्याचं खरं होतं याचाच मला जास्त राग आला.

"मला नको," मी म्हणाले. "मला नकोच ती शिष्यवृत्ती. हर्षदाला द्या."

मॅडमनी सुस्कारा सोडला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हात धरला.

"बाळ, तू नाही म्हणालीस तर ती हर्षदाला मिळत नाही. पुढचा तो वाडीचा मुलगा आहे. त्याच्यानंतर आणखी एक मुलगी आहे, चारशे अठ्ठ्याहत्तरची. हर्षदा चौथी आहे. तू सोडलीस तर तुझी जाईल, आणि हिला मिळणार नाही ती नाहीच."

मी मागे वळून हर्षदाकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. चौथी हा शब्द तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. सकाळी ती पहिली होती.

"घे की गं," ती म्हणाली. "येडी हायस का? नगं कशाला म्हंतीस?"

आप्पांनी दोन ठिकाणी सही केली. एकदा माझे पालक म्हणून, निवड मान्य असल्याची. एकदा हर्षदाचे पालक म्हणून, निर्णय समजल्याची. दोन्ही सह्या सारख्याच सुबक होत्या. त्यांचं अक्षर कधी बिघडत नसे.

खाली आल्यावर उन्हानं डोळे दिपले. हर्षदाच म्हणाली, "सर, भूक लागलीय." आप्पांनी आम्हाला भडंग घेऊन दिलं, कांदा-कोथिंबीर जास्त घालायला सांगून. स्वतः घेतलं नाही. हर्षदानं सगळं खाल्लं, कागद झटकला आणि विचारलं, "सर, आता रविवारी मी शेडवर गेले तर चालंल न्हवं?"

"का? वर्ग आहे की."

"न्हाई, आई एकटीच आसती म्हणून म्हणलं."

आप्पा म्हणाले, "बघ तुला जमेल तसं." दुसरं ते काय म्हणणार होते?

परतीच्या एसटीत हर्षदाला खिडकी मिळाली आणि ती डोकं टेकून झोपली. खरंच झोपली की सोंग होतं ते मला सांगता येणार नाही. मी आप्पांच्या शेजारी होते. पहिला थांबा येईपर्यंत मी दम धरला.

"आप्पा, मी तुमची कुणीच नव्हते का?"

"असं का म्हणतेस?"

"पाऊण तास तुम्ही त्यांना सांगत होता, हिला नको. माझ्याच तोंडावर."

"हिला नको असं नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंत?"

"तुला मिळालं याचा मला आनंद नाही झाला असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "झाला. तुझ्याइतकाच झाला. म्हणून तर बोलायला लागलं. तू माझी नसतीस तर दोन शब्द बोलून गप्प बसलो असतो. पण आपल्या पोरीचं झालं म्हणून बापानं तोंड मिटलं, असं नको व्हायला. हिच्या आईला मी शब्द दिलाय. तिच्यासमोर उभं राहताना मला निदान एवढं तरी सांगता यायला पाहिजे, की ताई, मी भांडलो."

माझा राग त्यावर विरघळायला हवा होता. सगळा नाही विरघळला. पण मी त्यांच्या खांद्याला टेकले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास यायचा, नेहमीचाच. मला वाटलं, आता घरी जाऊ, आई ओवाळेल, रडेल, काहीतरी गोड करेल, आणि हा दिवस एकदाचा संपेल.

गावात एसटी शिरली तेव्हा लताकाकू स्टँडवर उभ्या होत्या. आम्ही कुठल्या गाडीनं येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेड सुटल्यावर त्या थेट इथं आल्या असणार, डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. हातात पेढ्यांचा पुडा होता, मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातला. आम्हाला खिडकीतून बघून त्यांनी तो उंच केला.

आप्पा सगळ्यांत आधी उतरले.

"झालं न्हवं, सर?" लताकाकूंनी विचारलं. त्यांचं सगळं तोंड हसत होतं.

"नाही झालं, ताई."

"म्हंजी?"

"हर्षदाचं नाही झालं. त्यांनी चित्रकलेचे मार्क धरले नाहीत. नवीन नियम केलाय."

"ते सात मार्क?"

"हो."

"धरलंच न्हाईत?"

"नाही."

लताकाकूंनी हर्षदाकडे बघितलं. मग पुड्याकडे. त्यांना अजून काही उमगत नव्हतं, आणि माणसाला उमगत नाही तेव्हा तो पुढचा साधा प्रश्न विचारतो. "मग कुणाचं झालं?"

मागे कंडक्टर घंटी मारत होता, एसटी वळत होती, धूर आमच्या अंगावर येत होता.

"माझ्या मुलीचं," ते म्हणाले.

लताकाकूंच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. तिथं समजूत आली. इतका वेळ जे कोडं होतं ते एकदम सुटल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला. सात मार्क का धरले नाहीत, कुणी धरले नाहीत, कुणासाठी धरले नाहीत, सगळं त्यांना एका क्षणात कळलं. आणि त्यांना जे कळलं ते साफ चुकीचं होतं.

"आये," हर्षदा म्हणाली, "सर लई भांडलं माझ्यासाठी. खरंच. चित्रा पण नगं म्हणत हुती."

"व्हय गं," लताकाकू म्हणाल्या. "भांडलं आसतील की."

त्या इतक्या मायेनं बोलल्या, की ते हर्षदाचीच समजूत काढल्यासारखं झालं. मी पुढं झाले. "काकू, खरं सांगते, आप्पांनी..." आप्पांनी माझा दंड धरला आणि मला थांबवलं. आपल्या लेकीच्या तोंडून आपली बाजू कशी ऐकू येईल, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

लताकाकूंनी पुड्याचा दोरा दातानं तोडला. "आता आणल्यात तर खावा," त्या म्हणाल्या. "कुणाचं का हुईना, आपल्या गावात आलं. चित्रा, ये बाय, तोंड गोड कर. लई शिक."

मग त्या आप्पांकडे वळल्या. आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून म्हणाल्या, "सर, तुमी मनाला लावून घिऊ नगासा. मला काय त्याचं वाईट वाटलं न्हाई. तुमच्या जागी मी आसते तर मीबी हेच केलं आसतं. आपलं ते आपलंच आसतंय."

आप्पांनी तोंड उघडलं. ताई, मी भांडलो, हे तीन शब्द त्यांनी सांगलीपासून इथवर जपून आणले होते. मी वाट बघत उभी राहिले. हर्षदाही वाट बघत होती.

लताकाकूंनी एक पेढा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो खाल्ला.